संगणकीकृत ग्रंथालय आणि डिजिटल ग्रंथालय: ग्रंथपालानं नेमकं काय शिकायचं?

गडहिंग्लजहून एका निवृत्त मास्तरांचा फोन आला. "मॅडम, तुमची लायब्ररी डिजिटल झाल्याचं पेपरात वाचलं. म्हणजे त्या पुस्तकासाठी आता कोल्हापूरला यायला नको. तेवढं माझ्या मोबाईलवर पाठवून देता काय?" त्यांना हवं असलेलं पुस्तक आमच्या कपाटात आहे. त्याला बारकोड आहे, शोधलं तर पडद्यावर नोंदही येते. पाठवण्यासारखं मात्र काहीच नव्हतं. आम्ही ग्रंथालयाचं संगणकीकरण पूर्ण केलं होतं, आणि बातमी होईपर्यंत त्याचं 'डिजिटल ग्रंथालय' झालं होतं. खोटं बोलण्याचा हेतू कुणाचाच नव्हता. मास्तरांना मात्र मला नाही म्हणावं लागलं, आणि ते मनाला लागून राहिलं.

हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले मी प्राचार्यांच्या भाषणात ऐकलेत, महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलींत वाचलेत आणि खुद्द ग्रंथपालांच्या कार्यशाळांतही पाहिलेत. वाचकाची निराशा होते ती तर आहेच. मला जास्त काळजी वाटते ती ही, की या गल्लतीमुळं ग्रंथपालाचं शिकणंच अर्धवट राहतं.

फरक सांगायला सोपा आहे. संगणकीकरणात पुस्तकाविषयीची माहिती संगणकात जाते, पुस्तक कपाटातच राहतं. डिजिटल ग्रंथालयात पुस्तकाचा मजकूरच संगणकात असतो. पहिल्यात वाचकाला पुस्तक कुठं आहे ते कळतं, दुसऱ्यात ते घरबसल्या उघडता येतं. पण ग्रंथपालाच्या टेबलावर या दोन्हींची कामं इतकी वेगळी आहेत, की एकाचं ज्ञान दुसऱ्याला थोडंच पुरतं.

आधी संगणकीकरण. दाखल नोंदवही, तालिकापत्रं, देवघेवीची कार्डं, वर्षअखेरची साठा पडताळणी ही आपली जुनीच कामं इथं यंत्रावर येतात. सॉफ्टवेअरं बरीच आहेत. विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राचं 'सोल' आहे, केंद्र सरकारच्या एनआयसी या संगणक विभागाचं 'ई-ग्रंथालय' आहे, आणि 'कोहा' आहे. कोहाचा जन्म मला फार आवडतो. १९९९ साली न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या छोट्या भागातल्या ग्रंथालयाचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल उजाडताच बंद पडेल अशी भीती होती. नवं विकत घेण्याऐवजी त्यांनी करून घेतलं आणि जगाला मोफत दिलं. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट.

बारकोड चिकटवणं आणि पुस्तक स्कॅनरखाली धरणं आठवड्यात जमतं. ग्रंथपालाचं खरं कौशल्य नोंद करण्यात आहे. 'मार्क २१' या नोंदपद्धतीत प्रत्येक गोष्टीला ठरलेला रकाना असतो: लेखक १०० मध्ये, शीर्षक २४५ मध्ये, विषयानुसार पुस्तकं लावण्याचा ड्युईचा वर्गांक ०८२ मध्ये. मराठीत लेखकाचं नाव लिहिणं हीच एक परीक्षा आहे. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर ही एकाच माणसाची दोन नावं आहेत हे आपल्याला माहीत असतं, यंत्राला नसतं. दोन नावं एकमेकांशी जोडली नाहीत, तर शिरवाडकर शोधणाऱ्या मुलाला कविता सापडणार नाहीत. 'देशपांडे, पु. ल.', 'पु. ल. देशपांडे' आणि इंग्रजी स्पेलिंगातले देशपांडे अशा तीन नोंदी तीन जणांनी केल्या, की एकच लेखक तीन ठिकाणी विखुरला. हे शिकवायला वेळ लागतो, म्हणून बहुतेक प्रशिक्षणांत ते वगळलं जातं.

दुसरी ठेच मी स्वतः खाल्ली आहे. आमच्या पहिल्या नोंदी युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीच्या, आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप झाल्या होत्या. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसायचं, आत मात्र रोमन अक्षरांचेच संकेत साठवलेले असायचे. सॉफ्टवेअर बदलायची वेळ आली तेव्हा काही हजार मराठी शीर्षकांचा नुसता चिखल समोर आला. भरीला ज्यांच्याकडून ते सॉफ्टवेअर घेतलं होतं, त्यांनी नोंदी बाहेर काढून द्यायला नकार दिला. करारात तसं कलमच नव्हतं. पुस्तकं कपाटातून काढून पुन्हा एकेक नोंद करण्यात आमच्या दोन उन्हाळी सुट्ट्या गेल्या. तेव्हापासून नव्या ग्रंथपालांना मी एकच आग्रह करते. सॉफ्टवेअर पाहायला गेलात, की रंगीत पडदा पाहण्याआधी विचारा: माझ्या सगळ्या नोंदी मला मार्क स्वरूपात, आयएसओ २७०९ च्या (नोंदी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याच्या ठरलेल्या स्वरूपाच्या) फाईलमध्ये, केव्हाही काढून मिळतील का? उत्तर लेखी घ्या.

आता डिजिटल ग्रंथालय. इथं पहिला प्रश्न यंत्राचा नसतो, हक्काचा असतो. हे पान मला लोकांसमोर ठेवता येईल का? भारतीय प्रताधिकार कायदा १९५७ चा. त्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून त्यांचं लेखन सर्वांसाठी खुलं झालं. आपल्या कोल्हापूरचे वि. स. खांडेकर १९७६ साली गेले. त्यांच्या लेखनावरचा हक्क २०३६ अखेरपर्यंत आहे. आपल्या कपाटात खांडेकरांची जुनी आवृत्ती जीर्ण होत असेल, तर? २०१२ च्या दुरुस्तीनं नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला एक मुभा दिली आहे. कागदी प्रत स्वतःकडं असेल, तर जतनासाठी तिची इलेक्ट्रॉनिक प्रत साठवता येते. ही मुभा साठवण्याची आहे. त्या आधारावर ती प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवता येत नाही.

हक्काचा प्रश्न सुटला, की मग स्कॅनिंग. छापील मजकुराला किमान ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, जतनाची प्रत तपशील न गमावणाऱ्या टिफ फाईलमध्ये, वाचकाला द्यायची पीडीएफमध्ये. नुसतं पीडीएफ केलं म्हणजे तो पानांचा फोटो झाला, त्यात शब्द शोधता येत नाही. त्यासाठी अक्षरओळख करून घ्यावी लागते, आणि खिळ्यांच्या छपाईतली जुनी जोडाक्षरं, झिजलेले रफार, पुसट अनुस्वार यांवर ती अडखळते. तपासायला मराठी चांगलं येणारा माणूसच लागतो. मग प्रत्येक फाईलची वर्णननोंद करायची. 'डब्लिन कोअर' या पद्धतीत त्यासाठी मूळ १५ घटक आहेत. हे सगळं ठेवायला 'डीस्पेस'सारखं भांडाराचं सॉफ्टवेअर लागतं. अमेरिकेतलं एमआयटी विद्यापीठ आणि एचपी कंपनी यांनी २००२ साली ते खुलं केलं, आणि देशभरातले पीएच.डी. प्रबंध ठेवणारं 'शोधगंगा'ही त्याच्यावरच उभं आहे.

आणि जतन. कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी तिच्याही कितीतरी वर गेलं. २०२१ ला पुन्हा. नदीकाठच्या गावातल्या वाचनालयात पाणी शिरलं आणि तिथं फक्त संगणकीकरण झालेलं असलं, तर काय काय गेलं याची नेटकी यादी हातात राहते. तीही संगणक टेबलाखाली नसला तर. डिजिटल प्रत असेल, तर मजकूर वाचतो. पण एकच प्रत त्याच खोलीतल्या हार्ड डिस्कवर ठेवणं म्हणजे काहीच न ठेवणं. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी, हा नियम मी इथल्या प्रत्येक ग्रंथपालाला पाठ करायला सांगते.

मध्येच एक तिसरी गोष्ट घुसते, तिच्याबद्दल थोडक्यात. महाविद्यालयांना ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं वाचायला देणाऱ्या एन-लिस्ट योजनेचं लॉगिन घेतलं, की 'आमचं डिजिटल ग्रंथालय आहे' असं म्हणतात. ती नियतकालिकं आणि ई-पुस्तकं आपली नसतात. वाचण्याचा परवाना असतो आणि तो थांबला, की दार बंद. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं आणि तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, अशी ती योजना आहे. आपली संस्था तिच्यात बसते का, हे पाहणं ग्रंथपालाचंच काम. इथं त्याची भूमिका शिक्षकाची होते. विद्यार्थ्याला लॉगिन देऊन भागत नाही, लेख कसा शोधायचा हे शेजारी बसून दाखवावं लागतं. प्रबंधातली उचलेगिरी तपासून अहवाल देण्याचं कामही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) उचलेगिरीविरोधी २०१८ च्या नियमांपासून अनेक ठिकाणी ग्रंथपालाकडं आलं आहे. तो अहवाल वाचायला नुसता टक्का पाहून चालत नाही.

एवढं सगळं शिकायचं कुठं? यूजीसीच्या नेमणूक आणि पदोन्नतीविषयीच्या २०१८ च्या विनियमांत महाविद्यालयीन ग्रंथपालाच्या पात्रतेत ग्रंथालयाच्या संगणकीकरणाचं ज्ञान मागितलं आहे. पहिल्या पदोन्नतीसाठी २१ दिवसांचा एक अभ्यासक्रम, शिवाय ऑटोमेशन (म्हणजे संगणकीकरण), डिजिटलायझेशन, देखभाल आणि संबंधित कामं यांवर किमान ५ दिवसांचं प्रशिक्षण लागतं. दोन्ही शब्द एकाच ओळीत, पाच दिवसांत. मी अशा कार्यशाळांना गेले आहे आणि भरवल्याही आहेत. चार दिवस सॉफ्टवेअर बसवण्यात जातात, पाचव्या दिवशी दुपारनंतर डीस्पेसचे पडदे दाखवले जातात, संध्याकाळी प्रमाणपत्रं. प्रताधिकार, जतन, अक्षरओळख यांना जागाच उरत नाही. प्रमाणपत्रावर मात्र दोन्ही शब्द असतात, आणि ते घेऊन परतलेल्या ग्रंथपालाला संस्था सांगते, 'आता डिजिटल करा.' माझ्या मते ही दोन प्रशिक्षणं वेगळी करायलाच हवीत. पहिलं नोंदींचं, प्रत्येकानं घ्यावं असं. दुसरं हक्क, स्कॅनिंग आणि जतनाचं, आणि त्यात प्रत्येकानं आपल्या ग्रंथालयातलं एक खरं दुर्मीळ पुस्तक शेवटपर्यंत नेऊन दाखवावं.

सार्वजनिक वाचनालयांचं काय, असंही विचारतात. १८५० पासूनच्या करवीर नगर वाचन मंदिराचं हे गाव. १९४५ साली कोल्हापूर संस्थानानं ग्रंथालयांसाठी कायदा केला, देशातला तसा पहिलाच. महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर २२ वर्षांनी, १९६७ साली आला. इतका जुना वाचनाचा वारसा असलेल्या जिल्ह्यातल्या, सरकारी वर्गवारीतल्या सगळ्यांत खालच्या 'ड' वर्गाच्या वाचनालयात आजही एकच माणूस कुलूप उघडतो, झाडतो, पुस्तकं देतो आणि वर्गणी मागतो. त्याच्यावर डिजिटल ग्रंथालयाचं ओझं टाकू नये. आधी नोंदी युनिकोडमध्ये नीट होऊ द्याव्यात. स्कॅन करायचंच असेल, तर सगळीकडं मिळणाऱ्या कादंबऱ्या सोडून द्याव्यात आणि जे फक्त आपल्याकडंच आहे ते घ्यावं: तालीम मंडळाची स्मरणिका, शाळेचा हस्तलिखित अंक, कुस्तीच्या मैदानाची जाहिरातपत्रकं, जुन्या चित्रपटांच्या पुस्तिका, बंद पडलेली साप्ताहिकं. तिथंही हक्क तपासायचेच. पण हे गेलं तर दुसरी प्रत कुठून आणणार?

मास्तरांना मी तेव्हा नाही म्हटलं, पण लेखक कधी वारले ते शोधायला सांगितलं. आठ दिवसांनी त्यांचाच फोन आला. लेखकाच्या नातवाला भेटून साल आणलं होतं: १९५८. म्हणजे पुस्तक २०१९ पासूनच खुलं आहे. गेल्या महिन्यात आम्ही ते स्कॅन केलं. आमच्या प्रतीतली दोन पानं कुणीतरी फाडून नेली आहेत. विद्यापीठ ग्रंथालयांच्या संयुक्त तालिकेत, इंडकॅटवर, आणखी एका प्रतीची नोंद दिसली. तिथल्या ग्रंथपालांना त्या दोन पानांसाठी पत्र लिहिलं आहे, आणि बाकीचं पुस्तक मास्तरांना पाठवून दिलं आहे.