परराष्ट्र खातं आणि फाउंडेशन: एकाच माणसाच्या दोन खुर्च्या

पुणे स्टेशनच्या बाजूला आंबेडकर रोडवर एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे. परवा तिथून जाताना भाची बरोबर होती. सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत ती यूपीएससीची तयारी करते, आणि परराष्ट्र सेवेत जायचं हे तिचं शाळेपासूनचं स्वप्न. पाटी बघून म्हणाली, "मावशी, ही संस्था अमेरिकन सरकारने काढून दिली ना?"

"सरकारने नाही गं. रॉकफेलर फाउंडेशन या अमेरिकेतल्या खाजगी संस्थेने, आणि तेही आपल्या आयसीएमआरबरोबर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेबरोबर. 1952 साली. तेव्हा नाव होतं व्हायरस रिसर्च सेंटर."

"पण एकूण एकच ना ते?"

एकच नाही. पण गल्लत का होते तेही कळतं. दोन्हीकडची माणसं परदेशातून येतात, मंत्र्यांना भेटतात, करारावर सह्या करतात, मदतीची भाषा बोलतात. शिवाय माणसं या खुर्चीवरून त्या खुर्चीवर जातात. एनआयव्ही सुरू झाली त्याच वर्षी रॉकफेलर फाउंडेशनचे अध्यक्ष झाले डीन रस्क, आणि ते आले होते थेट अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातून.

रस्क कुठे राजदूत नव्हते, मुत्सद्देगिरीचं त्यांचं काम खात्याच्या मुख्यालयातलं. त्याआधी ते सैन्यात होते. ऑगस्ट 1945 मध्ये जपान शरण येत असताना एका रात्री त्यांना आणि दुसऱ्या एका लष्करी अधिकाऱ्याला सांगण्यात आलं, कोरियाची विभागणी कुठे करायची ते सुचवा. वेळ अर्धा तास. हाताशी नॅशनल जिओग्राफिकचा नकाशा. त्यांनी 38 वं अक्षवृत्त सुचवलं, आणि मान्यही झालं. 1950-51 मध्ये परराष्ट्र खात्यातला अतिपूर्वेचा विभाग त्यांच्याकडे होता. मग 1952 ते 1961 फाउंडेशन, आणि 1961 ते 1969 केनेडी आणि जॉन्सन यांचे परराष्ट्रमंत्री.

आता फरक. सरकारचा दूत दुसऱ्याच्या वतीने बोलतो. नेमणुकीच्या देशात आल्यावर राजदूत राष्ट्रप्रमुखांना अधिकारपत्र देतो, तिथून पुढे त्याचा शब्द हा त्याच्या देशाचा शब्द. व्हिएन्ना कराराने त्याला अटकेपासून संरक्षण मिळतं. पण स्वतःच्या अखत्यारीत तो फारसं काही देऊ शकत नाही. राजधानीतून सूचना येईल तेवढंच. फाउंडेशनच्या अध्यक्षाचं उलट. त्याच्यामागे देश नाही, संरक्षण नाही, पण स्वतंत्र निधी आहे. रॉकफेलर फाउंडेशन 1913 पासूनचं. मूळ रकमेची गुंतवणूक करायची आणि तिच्या उत्पन्नावर काम चालवायचं. पैसे कुठे जातील हे विश्वस्त ठरवतात. आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या ट्रस्टला विश्वस्त मंडळ असतं, बरंचसं तसंच. (आपल्याकडे पाटीवर 'फाउंडेशन' लिहिलं म्हणजे ती संस्था पैसे वाटतेच असं नाही. अनेक जण स्वतःच देणग्या गोळा करून काम करत असतात.)

भाचीला मी गव्हाचं उदाहरण दिलं, कारण त्यात हाच माणूस दोन्ही बाजूंना सापडतो. मेक्सिकोत 1943 पासून रॉकफेलर फाउंडेशनच्या कार्यक्रमात गव्हाचे बुटके, जास्त उताऱ्याचे वाण तयार झाले. रस्क अध्यक्ष असतानाच फाउंडेशनने भारतातही शेती संशोधनाचं काम सुरू केलं, आणि 1966 साली भारताने मेक्सिकोतून 18,000 टन बियाणं विकत आणलं. त्याच 1965-66 मध्ये, दुष्काळात, पीएल-480 या अमेरिकी कायद्याखाली भारताला मिळणारं धान्य मात्र महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडलं जात होतं. ते धोरण राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचं. भारताने शेतीकडे लक्ष द्यावं हा एक हेतू, आणि व्हिएतनाम युद्धावरची भारताची टीका त्यांना खुपत होती हेही खरंच. तेव्हा परराष्ट्रमंत्री कोण? डीन रस्क.

बियाण्यामागे परराष्ट्र धोरण नव्हतं आणि धान्याच्या जहाजामागे होतं, असं इतकं सोपं मी म्हणणार नाही. शीतयुद्धाच्या काळात फाउंडेशनच्या मंडळावर बसणारे लोक आणि सरकार चालवणारे लोक एकाच वर्तुळातले होते. रस्क यांची अध्यक्षपदी निवड झाली तेव्हा विश्वस्त मंडळाचे प्रमुख होते जॉन फॉस्टर डलेस, आणि 1953 मध्ये तेच परराष्ट्रमंत्री झाले. पण जहाज थांबवायला एका राष्ट्राध्यक्षाचा निर्णय पुरतो. शेतात रुजलेलं बियाणं कोणाला परत बोलावता येत नाही.

जाब कोणाला विचारायचा, इथे मला फाउंडेशनची बाजू कमकुवत वाटते. परराष्ट्रमंत्र्याला संसदेत प्रश्न विचारता येतात, व्हिएतनामवरून रस्क यांना ते सेनेटच्या समितीपुढे भर टीव्हीवर विचारलेही गेले. फाउंडेशनच्या अध्यक्षाला, ज्यांच्या गावात त्याचा पैसा पोचतो त्यांनी कुठे गाठायचं? 1952 ते 1954 दरम्यान अमेरिकी काँग्रेसच्या दोन समित्यांनी करमुक्त फाउंडेशनांची चौकशी केली, पण ती अमेरिकेतल्या राजकारणापोटी.

"मग कुठली खुर्ची चांगली?" भाचीने विचारलं. मी म्हटलं, तू आधी पूर्व परीक्षा काढ. पण तिचा प्रश्न डोक्यात राहिला, म्हणून घरी येऊन तिला पुढचं सांगितलं. 1957 साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली, माणसांना ताप येऊ लागला, आणि त्या आजाराचा नवा विषाणू पुण्याच्या याच केंद्राने शोधून काढला. 1967 मध्ये फाउंडेशन बाजूला झालं आणि सगळा खर्च आयसीएमआरने उचलला. 1978 मध्ये नाव बदलून एनआयव्ही झालं. 2020 मध्ये करोनाचे नमुने पुण्याला येऊ लागले तेव्हा परदेशी अध्यक्ष कोणी नव्हता. होते ते इथलेच शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ, आयसीएमआरच्या पगारावरचे.