वळीव की चक्रीवादळ? घरात थांबायच्या दोन रीती

१३ मे २०२४ला मुंबईत धुळीचं वादळ उठलं आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर अजस्र होर्डिंग कोसळून सतरा माणसं गेली. ३ जून २०२०ला भर दुपारी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात किनाऱ्यावर चढलं आणि नारळी-पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. बोलताना दोन्हीला शब्द एकच, वादळ. दोन्ही उन्हाळा सरतासरता आलेली आणि दोन्हींतला सल्लाही एकच: घराबाहेर पडू नका. पण घरात बसून काय करायचं हे दोन्हींत वेगळं आहे. काही बाबतींत तर नेमकं उलटं.

वळीव हा त्या दुपारच्या तापल्या जमिनीचा कारभार. गरम हवा वर चढते, ढग बारा-पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत फुगतो, आणि पाऊस सुटला की गार, जड हवा धाडकन खाली येऊन जमिनीवर चहूकडे पसरते. पहिल्या थेंबाआधी दारं आपटवणारा गार वारा तो हाच. चक्रीवादळ मात्र समुद्रावर दिवसेंदिवस पोसलं जातं आणि त्याचा घेर शेकडो किलोमीटरचा असतो. वाऱ्याने ताशी ६२ किलोमीटर गाठले की हवामान विभाग त्याला चक्रीवादळ म्हणतो. वेगावरून ओळखायला गेलात तर मात्र फसाल, कारण वळवाचा झोतही सहज साठ-सत्तरच्या घरात जातो. खरा फरक वेळेचा आहे. वळवाचा जोर काही मिनिटांचा, सगळा खेळ बहुधा तास-दीड तासात आटोपतो. चक्रीवादळ तासन् तास छप्पर हलवत राहतं. पहिल्या तासाला घट्ट असलेला हूक चौथ्या तासाला ढिला होतो.

इशाराही तसाच. चक्रीवादळाची खबर दोन-तीन दिवस आधी लागते. वळवासाठी हवामान विभागाचा पुढच्या तीन तासांचा अंदाज आणि जवळपास वीज पडण्याचा इशारा देणारं दामिनी ॲप, एवढंच हाताशी.

वळवात घरातल्या माणसाचा खरा शत्रू वारा नाही, वीज आहे. ती भिंत फोडून येत नाही. विजेच्या तारेतून, डिशच्या केबलमधून, लोखंडी नळातून येते. म्हणून टीव्ही, फ्रिज, राउटर यांचे प्लग काढायचे. नुसतं बटण बंद करून भागत नाही. बटणातली फट जेमतेम काही मिलिमीटरची, आणि जी वीज ढगातून जमिनीवर उडी मारते तिला ती फट किस झाड की पत्ती! डिशची केबलही सेट-टॉप बॉक्समधून सोडवा, ती बहुतेकांच्या हातून राहतेच. मात्र हे सगळं गडगडाट लांब असतानाच. लखलखाट डोक्यावर आल्यावर प्लगला हात लावणं म्हणजे नको त्या क्षणी तार धरणं. त्या वेळात आंघोळ, भांडी, कपडे धुणं नको, खिडकीच्या लोखंडी गजाला टेकून पाऊस पाहणं नको. काँक्रीटच्या भिंतीत आणि लादीखाली सळया असतात, म्हणून भिंतीला पाठ लावून किंवा जमिनीवर आडवं पडून राहू नका. खाटेवर किंवा खुर्चीत बसा. मोबाइल वापरायला हरकत नाही, फक्त चार्जरला लावलेला नको. पडवी, गोठा, उघडी शेड ही ‘घरात’ धरू नका.

अंतर मोजायला घड्याळ पुरतं. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद भागिले तीन, इतके किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर आत चला. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबा.

चक्रीवादळात विजेपेक्षा छप्पर आणि पाणी यांची धास्ती जास्त. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, आणि छपरावरून जाणारा वारा पत्रा दाबत नाही, वर ओढतो. अशा वेळी ‘दाब समान व्हावा’ म्हणून एखादी खिडकी उघडी ठेवायची, हा सल्ला अजूनही गावोगाव ऐकू येतो. तो सरळ चुकीचा आहे. वाऱ्याकडची खिडकी उघडी राहिली की हवा आत शिरून छपराला खालून ढकलते, वरून ओढ असतेच. पत्रे उडतात ते असे. सगळं बंद, कड्या घातलेल्या. बसायला घराच्या मधली, कमीत कमी खिडक्यांची आणि शक्य तर स्लॅबची खोली. इथे आतल्या भिंतीच्या आडोशाला, भक्कम टेबलाजवळ बसणं योग्यच. कौलारू किंवा पत्र्याचं घर असेल, किंवा किनाऱ्यालगत सखल जागेत असेल, तर घरात थांबण्याचा हट्टच नको. आदल्या दिवशी निवाऱ्यात किंवा शेजारच्या पक्क्या घरात जा.

गच्चीवरची प्लास्टिकची टाकी भरून ठेवा. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, रिकामी टाकी म्हणजे फुगा. वळवात ज्या नळाला हात लावायचा नाही, तोच नळ इथे आदल्या दिवशी मोकळा सोडून बादल्या, कळश्या, पिंप भरायचे. पिण्यासाठी माणशी रोज तीन-चार लिटर, तेही किमान आठवड्याचं धरा. मेन स्विच बंद करायचा तो घरात पाणी शिरतं आणि तुटल्या तारांत अवचित वीज परत येते म्हणून, आणि तेही हातपाय कोरडे असताना.

सगळ्यात घातक गल्लत होते ती वारा पडल्यावर. वळवात वारा पडला आणि गडगडाट थांबून अर्धा तास झाला की बाहेर पडा, गारा गोळा करा, काय ते करा. चक्रीवादळ थेट अंगावरून जात असेल तर ऐन जोरात असलेला वारा एकाएकी थांबतो, कधी ऊनही पडतं. तो डोळा असतो. दहा मिनिटं, अर्धा तास, कधी जास्त. मग वारा उलट्या दिशेने तेवढ्याच ताकदीने येतो. वादळ नैर्ऋत्येकडून येत असेल तर आधी वारा साधारण आग्नेयेचा, डोळ्यानंतर वायव्येचा. एका बाजूने वाकलेलं झाड मग दुसऱ्या बाजूने उपटतं, आणि नेमकी त्याच वेळी माणसं पत्र्यावर दगड ठेवायला चढलेली असतात. वादळ खरंच सरतं तेव्हा वारा हळूहळू, काही तास घेऊन उतरतो. एकदम आलेल्या शांततेवर विश्वास ठेवू नका, रेडिओवर केंद्र पुढे सरकल्याचं ऐकेपर्यंत दार उघडू नका. या कामासाठी सेलवर चालणारा रेडिओ हवा, कारण टॉवर बंद पडले की फोन हे नुसतं घड्याळ उरतं.

वळवानंतर वीज बहुधा त्याच दिवशी येते. निसर्गनंतर रायगड-रत्नागिरीतल्या काही गावांना आठवडे लागले. तेव्हा जनरेटर बाहेर निघतात, आणि पाऊस आहे म्हणून पडवीत किंवा जिन्याखाली लावले जातात. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो; बंद घरात झोपलेल्याला जागही येत नाही. जनरेटर खिडक्या-दारांपासून लांब, उघड्यावरच, वर नुसतं छत टाकून.