बॅटरी रिकामी करायची, पण कुठवर?

रिमोटवर पळणाऱ्या गाड्यांच्या निकेल-मेटल हायड्राइड पॅकमध्ये बहुतेक वेळा सहा सेल एकामागोमाग जोडलेले असतात. प्रत्येकी १.२ व्होल्ट, म्हणून पॅक ७.२चा. तो उतरवायला, म्हणजे रिकामा करायला, मोटारीच्या ब्रेकलाइटचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब, होल्डर आणि पॅकला बसणारा कनेक्टर एवढं पुरतं. बल्ब मंद पिवळा पेटतो, साधारण सव्वा अँपियर खेचतो आणि ३००० एमएएच (मिलिअँपियर-तास) क्षमतेचा भरलेला पॅक दोन-अडीच तासांत उतरवतो.

खरी गोम आहे ती थांबण्यात. सहा सेल कधीच अगदी सारखे नसतात. सगळ्यांत अशक्त सेल आधी संपतो, पण उरलेले पाच त्याच्यातून करंट ढकलतच राहतात आणि त्याचे ध्रुव उलटे होतात. आत वायू साठतो, दाब वाढला की झडपेतून बाहेर पडतो, आणि त्या सेलची ताकद कायमची घटते. म्हणून सेलमागे ०.९, म्हणजे पॅक ५.४ व्होल्टवर आला की बल्ब काढायचा, असा रूढ नियम आहे. मला तो अर्धवटच वाटतो. पाच सेल १.१ वर आणि सहावा शून्यावर असला तरी बेरीज ५.५ येते. मीटर खूश, सेल मेला!

यावर स्वस्त तोड म्हणजे प्रत्येक सेलला त्याचा स्वतंत्र डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग. १ ओहमचा रेझिस्टर आणि १एन५४०१ डायोड एकापाठोपाठ जोडून सेलच्या दोन टोकांना लावायचे. डायोडवरची पट्टी मायनसकडे. सिलिकॉनच्या डायोडला करंट जाऊ द्यायला साधारण ०.७ व्होल्ट लागतात. त्यामुळे सुरुवातीला ०.४-०.५ अँपियर वाहतो आणि सेल ०.७च्या जवळ आला की जवळजवळ आटतो. एका सेलचा करंट दुसऱ्यातून जातच नाही, मग ध्रुव उलटणार कसे? मात्र दोन सेलमधल्या प्रत्येक जोडापर्यंत वायर पोचायला हवी. सहा सेलना सात वायरी. शिवाय हे काम फार संथ चालतं, म्हणून ६ व्होल्टपर्यंत बल्ब आणि पुढे डायोड, ही जोडी बरी. दर चार्जिंगआधी हा उद्योग करायची गरज नाही.

लिथियम-पॉलिमर पॅकला मात्र ही डायोडची युक्ती चुकूनही लावू नका. तो सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की खराब होतो. भरलेला, ४.२ वर ठेवला तर लवकर म्हातारा होतो, फुगतोही. ठेवणीसाठी ३.८ चांगले. तीन सेलच्या २२०० एमएएच पॅकला हाच बल्ब लावला तर पाऊण तासाच्या आसपास तो तिथे येतो. बॅलन्स कनेक्टरला, म्हणजे प्रत्येक सेलची वायर बाहेर आणणाऱ्या छोट्या कनेक्टरला, व्होल्टेज मोजणारा छोटा बझर लावून ३.८ची खूण ठेवावी. सगळ्यांत कमकुवत सेल तिथे आला की तो ओरडतो. बल्बची काच हात लावू नये इतकी तापते, तेव्हा तो फरशीवर ठेवा, थर्माकोलच्या विमानाशेजारी नको.