सैनिक व माजी सैनिकांमधील आघातोत्तर तणाव विकार : उपचारांची परिणामकारकता

युद्ध, चकमक, सुरुंगस्फोट, सोबत्याचा डोळ्यांदेखत झालेला मृत्यू अशा जिवावरच्या अनुभवानंतर काही माणसांच्या मनात तो प्रसंग भूतकाळात जमाच होत नाही. तो स्वप्नात येतो, जागेपणी अचानक समोर उभा राहतो; त्याची आठवण करून देणारी ठिकाणे, माणसे आणि बोलणी टाळली जातात; झोप उडते, राग अनावर होतो आणि शरीर सतत पहाऱ्यावर असल्यासारखे ताठ राहते. ही अवस्था महिनाभराहून अधिक टिकली आणि तिच्यामुळे संसार किंवा कामधंदा विस्कटू लागला, तर तिला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात. पीटीएसडी हे तिचे लघुरूप आता मराठी वाचकांच्याही परिचयाचे आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत या विकाराला स्वतंत्र नाव दिले, आणि त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या प्रश्नाचा मोठा वाटा होता. या विकारावर उपचार आहेत. ते सैनिकांना लागू पडतात का, कितपत आणि कोणत्या अटींवर, एवढाच या नोंदीचा विषय आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. शिरोळ तालुक्यातील एका गावाचे नावच सैनिक टाकळी आहे, आणि गडहिंग्लज, आजरा, चंदगड या भागांतूनही पिढ्यान्‌पिढ्या तरुण फौजेत जात आले आहेत. संस्थानकाळातील राजाराम रायफल्स ही पलटण विलीनीकरणानंतर मराठा लाइट इन्फंट्रीत सामील झाली. त्या रेजिमेंटचे केंद्र जवळच बेळगावात आहे आणि तिच्याशी संलग्न अशी प्रादेशिक सेनेची १०९ वी बटालियन खुद्द कोल्हापुरात आहे. जवान साधारणपणे चाळिशीच्या आसपास निवृत्त होऊन घरी येतो. त्यामुळे विकाराचा मोठा काळ छावणीत नव्हे तर घरात जातो, आणि तो पहिल्यांदा दिसतो तो लष्करी डॉक्टरला नव्हे, पत्नीला. वरातीतला सुतळी बॉम्ब वाजला की माणूस भिंतीला चिकटतो, हॉटेलात दाराकडे पाठ करून बसत नाही, दिवाळीचे चार दिवस मळ्यातल्या खोपीत काढतो. घरची माणसे म्हणतात, ‘‘आर्मीतनं आल्यापासनं लई तापट झालाय,’’ आणि वडीलधारे मायेपोटी सांगतात, ‘‘झालं गेलं इसरून जा.’’

हा सल्ला जुना आहे आणि जगभर दिला गेला आहे. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, चार्ल्स मायर्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय लिखाणात आणला, तेव्हा अनेक डॉक्टर रुग्णांना लढाईचा विषय मनातून काढून टाका असेच सांगत. स्कॉटलंडमधील क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात काम करणाऱ्या विल्यम रिव्हर्स यांनी १९१८ मध्ये याच्या उलट मांडणी केली : आठवण दाबून ठेवण्याचा अट्टाहासच कित्येकांना आजारी ठेवतो, आणि तिच्याकडे धीराने पाहू दिले तर ती हळूहळू सोसवते. त्याच महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात वेढ्यात सापडलेल्या फौजेत मराठा शिपाईही होते. उपासमार आणि नंतरची कैद सोसून जे परत आले, त्यांच्या मनाची विचारपूस कोणी केली असेल, असे मानायला फारसा आधार नाही.

रिव्हर्स यांच्या निरीक्षणाला शिस्तबद्ध रूप मिळायला पुढे साठसत्तर वर्षे लागली. आज सर्वाधिक पुराव्याची पद्धत म्हणजे एडना फोआ यांनी विकसित केलेली ‘प्रदीर्घ सामना’ पद्धत. साधारण आठ ते पंधरा बैठकांत, प्रत्येकी सुमारे दीड तास, रुग्ण डोळे मिटून तोच प्रसंग वर्तमानकाळात, तपशीलवार आणि पुन्हा पुन्हा सांगतो. त्याचे ध्वनिमुद्रण घरी ऐकतो. आणि टाळलेल्या पण प्रत्यक्षात सुरक्षित गोष्टींकडे पायरीपायरीने परत जातो. कोल्हापुरातल्या एखाद्या माजी सैनिकाच्या बाबतीत त्या पायऱ्या अशा असू शकतील : आधी सकाळच्या वेळी रंकाळ्यावर एक फेरी, मग दुपारी महाद्वार रोड, आणि बऱ्याच दिवसांनी शुक्रवारच्या गर्दीत अंबाबाईचे दर्शन. यामागील तत्त्व साधे आहे. टाळल्यामुळे तात्पुरते बरे वाटते, पण ‘हे धोक्याचे नाही’ हे शिकण्याची संधी मेंदूला कधीच मिळत नाही. ती संधी मुद्दाम मिळवून देणे म्हणजे हा उपचार.

दुसरी पद्धत पॅट्रिशिया रेसिक यांची बोधात्मक प्रक्रिया चिकित्सा. ती बहुधा बारा बैठकांची असते आणि तिचा रोख आठवणीपेक्षा तिच्यातून घट्ट झालेल्या निष्कर्षांवर असतो. ‘त्या दिवशी गस्तीच्या पुढं मी असतो तर तो वाचला असता’ हे वाक्य कित्येक वर्षे मनात घोकणाऱ्या माणसाला ते कागदावर लिहायला लावतात. त्या क्षणी त्याला नेमके काय माहीत होते, आदेश कोणाचा होता, सुरुंग कोणी पेरला, असे एकेक प्रश्न विचारत त्या वाक्याची तपासणी होते. तिसरी पद्धत फ्रान्सिन शपिरो यांनी १९८० च्या दशकाअखेरीस पुढे आणली. तिच्यात आठवण मनात धरून डोळ्यांची लयबद्ध हालचाल केली जाते. तिचाही उपयोग होतो, मात्र डोळ्यांच्या हालचालीचा त्यात स्वतंत्र वाटा किती, याबद्दल मतभेद आहेत. अमेरिकेच्या माजी सैनिक व संरक्षण विभागांच्या २०२३ च्या संयुक्त मार्गदर्शिकेने या तिन्ही पद्धतींची ठाम शिफारस केली असून औषधांपेक्षा त्यांना अग्रक्रम दिला आहे.

आता परिणामाचा हिशेब. तो नागरी रुग्णांपेक्षा सैनिकांच्या बाबतीत उणा भरतो, आणि हे लपवण्यात कोणाचेच हित नाही. लष्करी आघातावरील मानसोपचारांच्या यादृच्छिक (म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या) चाचण्यांचा एक महत्त्वाचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पहिल्या दोन पद्धती घेणाऱ्यांपैकी ४९ ते ७० टक्के सैनिकांमध्ये डोळ्यांत भरण्याइतकी सुधारणा झाली. पण उपचार संपल्यावरही सुमारे दोन-तृतीयांश जण विकाराच्या निकषांत बसतच होते. ही दोन वाक्ये एकत्रच वाचली पाहिजेत. पहिलेच वाचले तर फसवी आशा निर्माण होते आणि दुसरेच वाचले तर उपचार फोल वाटतात. तीव्रतेच्या मोजपट्टीवरचे दहापंधरा गुण कमी होणे म्हणजे आठवड्यातून पाच रात्री किंचाळून उठणारा माणूस एकदाच उठणे, किंवा मुलावर हात उगारण्याआधी खोलीतून बाहेर पडणे. निदान कायम असले तरी त्या घरासाठी हा फरक मोठा असतो.

महिला सैनिकांवरील एक मोठी चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात २८४ जणींपैकी सामना पद्धत घेणाऱ्या ४१ टक्के उपचाराअखेर निदानातून बाहेर पडल्या. केवळ सद्यःस्थितीतील अडचणींवर बोलणाऱ्या गटात हे प्रमाण सुमारे २८ टक्के होते. पुढे २०२२ मध्ये ९१६ माजी सैनिकांवर सामना पद्धत आणि बोधात्मक प्रक्रिया चिकित्सा यांची थेट तुलना झाली. तिच्यात सामना पद्धत किंचित सरस ठरली, पण व्यवहारात जाणवेल इतका फरक नव्हता. त्या चाचणीतील अधिक बोलका आकडा वेगळाच आहे : दोन्ही गटांत मिळून निम्म्याच्या आसपास लोकांनी उपचार अर्ध्यावर सोडले. मोफत सेवा, प्रशिक्षित उपचारक आणि पाठपुरावा असूनही हे घडले, याची नोंद आपल्याकडे कोणतीही योजना आखताना अवश्य घ्यावी.

सैनिकांत परिणाम कमी का पडतो, याची कारणे पुष्कळ आहेत. नागरिकाचा आघात पुष्कळदा एका अपघाताचा किंवा एका हल्ल्याचा असतो. सैनिकाचा महिनोन्‌महिने चाललेल्या तैनातीचा असतो आणि त्यात नेमका प्रसंग निवडणेच अवघड जाते. स्फोटातून झालेली डोक्याची इजा, कायमचे दुखणे आणि दारू हे सोबती असतात. भीती कमी करण्यावर आधारलेला उपचार अपराधभाव, शरम किंवा वरिष्ठांकडून विश्वासघात झाल्याची भावना यांना पुरा पडत नाही, आणि या जखमेला आता ‘नैतिक इजा’ असे वेगळे नाव मिळाले आहे. शिवाय ज्या सवयींनी त्याला तेथे जिवंत ठेवले, म्हणजे आवाजाला तत्काळ प्रतिसाद, सतत सावधपणा, भावना बाजूला ठेवणे, त्याच सवयी घरी लक्षणे ठरतात. त्या सोडणे त्याला शस्त्र खाली ठेवण्यासारखे वाटते. सेवेत असलेल्या जवानाला आणखी एक धास्ती असते : मनोविकाराची नोंद झाली तर ‘कॅटेगरी’ (वैद्यकीय दर्जा) पडेल, बढती अडेल, पलटणीत नाव जाईल. म्हणून तो निवृत्तीपर्यंत गप्प राहतो आणि उपचार वर्षानुवर्षे लांबतात.

औषधांचा भाग थोडक्यात सांगता येतो. सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन या तीन गोळ्यांना पुराव्याचा आधार आहे, पण परिणाम मध्यम आहे. माजी सैनिकांवरील एका चाचणीत, जिचे निष्कर्ष २००७ मध्ये आले, सर्ट्रालीन नकली गोळीपेक्षा सरस ठरले नाही. दुःस्वप्नांसाठी दिल्या जाणाऱ्या प्राझोसिनची कथा अशीच गुंतागुंतीची आहे : आधीच्या लहान चाचण्यांत उत्तम गुण दिसला, २०१८ मध्ये ३०४ माजी सैनिकांवरील मोठ्या चाचणीत दिसला नाही, तरीही काही रुग्णांना ते लागू पडते म्हणून मार्गदर्शिकेत दुःस्वप्नांपुरती त्याची सौम्य शिफारस टिकून आहे. याउलट अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या वर्गातील झोपेच्या व शांततेच्या गोळ्या या विकारासाठी देऊ नयेत, असे मार्गदर्शिका स्पष्ट सांगते. त्यांची सवय लागते, दारूबरोबर त्या घातक ठरतात आणि आठवणीला सामोरे जाण्याचे शिकणेही त्या बोथट करतात. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी आणणाऱ्या घरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. मात्र अनेक दिवस चालू असलेली गोळी मनाने एकदम बंद करणेही धोक्याचे आहे. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हळूहळू कमी करावी लागते.

गेल्या काही वर्षांतील सर्वांत आशादायक काम नव्या औषधाचे नसून उपचाराच्या मांडणीचे आहे. अमेरिकी सेवारत सैनिकांवरील एका चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात सामना पद्धतीच्या दहा बैठका दोन आठवड्यांत रोज एक याप्रमाणे दिल्या, तरी आठ आठवड्यांत पसरून दिलेल्या उपचाराइतकाच गुण आला. भारतीय जवानाला वर्षाकाठी साठ दिवसांची वार्षिक रजा मिळते. त्या रजेत दोन आठवड्यांचा उपचार सहज बसतो, तीन महिने दर सोमवारी यायला सांगितले तर तो कधीच बसणार नाही. लेखनाधारित सामना ही आणखी सुटसुटीत पद्धत. तिच्यात अवघ्या पाच ते सात बैठकांत, दर वेळी अर्धा तास, रुग्ण त्या प्रसंगाविषयी हाताने लिहितो. माजी सैनिकांवरील तुलनात्मक चाचणीत ती सामना पद्धतीपेक्षा कमी ठरली नाही आणि अर्ध्यावर सोडणाऱ्यांचे प्रमाण तिच्यात पुष्कळच कमी राहिले. ज्याला तोंडाने सांगताना कंठ दाटतो, त्याला वही सोपी जाते. दृक्‌श्राव्य माध्यमातून दिलेले उपचारही समोरासमोरच्या उपचारांच्या तोडीचे ठरले आहेत. ऊसतोडीच्या हंगामात चंदगडहून कोल्हापूरला दर आठवड्याला येणे ज्याला जमत नाही, त्याच्यासाठी या निष्कर्षाचे मोल फार आहे. मात्र सैनिक एकत्र बसले की मोकळे होतील, ही सर्वमान्य समजूत अंशतःच खरी ठरली : सेवारत सैनिकांवरील २०१७ च्या चाचणीत बोधात्मक चिकित्सा गटात देण्यापेक्षा एकेकट्याला दिल्यावर अधिक गुणकारी ठरली.

ध्यान आणि योग यांविषयी आपल्याकडे स्वाभाविक आस्था आहे. भावातीत ध्यानाची तुलना सामना पद्धतीशी करणारी २०३ माजी सैनिकांची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात ध्यान कमी पडले नाही. सजगतेवर आधारित प्रशिक्षणाचा परिणाम माफक आढळला आहे. ज्याला आठवणीकडे जायचेच नाही, त्याच्यासाठी ही वाट खुली ठेवावी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. परंतु ‘योग कर, सगळं जाईल’ असे सांगून सिद्ध उपचारांपासून कोणाला अडवू नये. घटनेनंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून एकदाच सर्व बोलायला लावण्याच्या प्रथेने विकार टळत नाही, हे आता पुरेसे स्पष्ट आहे. एमडीएमए या नशेच्या द्रव्याच्या साहाय्याने दिलेल्या उपचाराची बरीच चर्चा झाली, पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला मंजुरी नाकारली.

वरील बहुतेक पुरावा अमेरिकी सैनिकांचा आहे. तेथील माजी सैनिक इंग्रजीत बोलतो. इथल्या माणसाची भीती, शरम आणि शिवीसुद्धा कोल्हापुरी मराठीत असते, आणि प्रसंग वर्तमानकाळात सांगायचा तर तो त्याच बोलीत सांगावा लागतो. त्यामुळे मराठीतून हे उपचार देणारे प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ ही जिल्ह्याची खरी गरज आहे. सध्या सीपीआर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालयात मनोविकारांची बाह्यरुग्ण सेवा आहे. निवृत्तिवेतनधारक माजी सैनिकांना २००३ पासून चालू असलेल्या ईसीएचएस योजनेचे दवाखाने आहेत. आणि कागदपत्रांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. गंभीर रुग्णांना पुण्याच्या लष्करी रुग्णालयात पाठवता येते. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही मिळते, आणि सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाला. हा दूरध्वनी रुग्णानेच करायला हवा असे नाही. रात्री तीनला जागा असलेला नवरा ओसरीवर येरझाऱ्या घालत असताना त्याची पत्नीही आतल्या खोलीतून तो करू शकते.