गोलरक्षण : बालवयातील प्राथमिक प्रशिक्षण

फुटबॉलमध्ये गोलखांबांमधली जागा राखणाऱ्या नवशिक्या मुलामुलींना उभे राहणे, सरकणे, चेंडू धरणे आणि दुखापत न होता पडणे शिकवण्याची पद्धत. मुलांना झेपावण्याची घाई असते. शिकवणी मात्र पायांपासून सुरू होते, कारण हातून सुटलेला चेंडू पुष्कळदा उशिरा पोचलेल्या पायांमुळे सुटलेला असतो.

सज्ज पवित्र्यात पाय खांद्यांइतके फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले, भार चवड्यांवर आणि हात कमरेपुढे असतात. समोरचा खेळाडू फटका मारतो त्या क्षणी दोन्ही पाय जमिनीवर हवेत. एक पाऊल हवेत असेल, तर रेटा घ्यायला आधारच उरत नाही. जवळच्या अंतराला बाजूने सरकपावले पुरतात, मात्र टाचा एकमेकींना लागू द्यायच्या नाहीत.

छातीच्या वरचा चेंडू घेताना बोटे पसरून अंगठे जवळ आणतात. पंजे चेंडूच्या मागे लागतात; बाजूंनी धरायला गेले की तो मधून निसटतो. पोटाच्या उंचीवरचा चेंडू कवेत घेऊन छातीशी दाबतात. सरपटत येणाऱ्या चेंडूसाठी करंगळ्या जवळ, तळवे समोर आणि हातांमागे एक गुडघा आडवा, जमिनीला टेकत आणलेला असतो. त्यामुळे चेंडू ऐनवेळी उसळला, तरी पायांमधून जात नाही.

पडण्याचा सराव आधी बसून, मग गुडघ्यांवर, मग उकिडवे आणि शेवटी उभ्याने होतो. मांडी, कुल्ला, खांदा या क्रमाने कुशीवर उतरायचे, कोपरावर किंवा पोटावर नाही. कुशीवर पडून धरताना एक हात चेंडूमागे आणि दुसरा वर असतो. खालची जमीन हाच तिसरा हात.

साधने वयाला साजेशी हवीत. मोठ्यांचा गोल ७.३२ मीटर रुंद व २.४४ मीटर उंच असतो. दहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून त्यात चेंडू गेला, तर त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. या वयात सहसा लहान गोल आणि ४ क्रमांकाचा चेंडू (परीघ सुमारे ६३.५ ते ६६ सेंमी) वापरतात.

सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेण्यावर १९९२ मध्ये बंदी आली. तेव्हापासून दोन्ही पायांनी चेंडू थांबवणे व पास देणे हाही पहिल्या धड्यांचाच भाग झाला आहे.