लटकल्याने उंची वाढते का?

‘पोराला रोज बारला लटकवा, उंची वाढेल’ हा सल्ला अनोळखी माणसंही सहज देऊन जातात, तोही मुलासमोरच. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण उंची वाढते ती हाडांच्या टोकांजवळच्या कूर्चेतून (मऊ, लवचिक थरातून), आणि लटकल्याने तिचा वेग बदलत नाही. मणक्यांमधल्या चकत्यांवरचा भार तेवढा हलका होतो, म्हणून थोडा वेळ उंची किंचित जास्त भरते. घरीच पडताळा: टाचा भिंतीला टेकवून सकाळी उठल्याउठल्या मोजा, मग रात्री. रात्रभर झोपून हाच भार उतरल्याने सकाळी साधारण १ सेंमी जास्त भरेल, लटकल्याशिवायच! खरी वाढ बघायची तर ६ महिन्यांनी, त्याच वेळेला मोजा. वयाच्या चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत वर्षाला ५-६ सेंमी सर्वसाधारण. वर्षाला ४ सेंमीहून कमी असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि सल्ला देणाऱ्याला ‘त्याची वाढ नीट चालू आहे’ एवढंच सांगा, पोराला ऐकू जाईल असं.