लिंगभाव आणि सामाजिक बदल : महाविद्यालयीन अभ्यासविषय

लिंगभाव आणि सामाजिक बदल हा समाजशास्त्र व स्त्री-अभ्यास या शाखांत पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांत शिकवला जाणारा प्रास्ताविक विषय आहे. बाई आणि पुरुष यांच्या वाट्याला येणारी कामे, हक्क, बंधने आणि मानमरातब समाज कसा ठरवतो, आणि ही वाटणी कुणाच्या रेट्याने बदलते, हा त्याचा गाभा. शरीराने मिळते ते लिंग आणि समाजाने घडवलेला तो लिंगभाव, ही फोड पहिल्याच तासाला केली जाते. विद्यार्थ्यांना ती चटकन पटते. अवघड काम त्यानंतरचे असते : ही घडण स्वयंपाकघरात, उसाच्या फडात, तलाठ्याच्या दप्तरात आणि लग्न जुळवताना नेमकी कशी होते ते दाखवणे. या नोंदीत मुख्यतः महाराष्ट्रातील अभ्यासाचा विचार केला आहे. इथे हा विषय चळवळींनी वर्गात आणला, आणि जातीला वगळून तो इथे शिकवताच येत नाही.

वर्गापर्यंतचा प्रवास

केंद्र सरकारने १९७१ साली फुलरेणू गुहा यांच्या अध्यक्षतेखाली स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करणारी समिती नेमली. वीणा मझुमदार तिच्या सदस्य-सचिव होत्या. समितीचा अहवाल १९७४ च्या अखेरीस तयार झाला आणि त्याने स्वातंत्र्योत्तर प्रगतीबद्दलचे समाधान मोडीत काढले. १९०१ मध्ये देशात दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या; १९७१ मध्ये त्या ९३० उरल्या होत्या. शिक्षण आणि कायदे वाढत असताना बायका मात्र कमी होत होत्या. हे कसे घडले, याचे उत्तर तेव्हाच्या कोणत्याही एका ज्ञानशाखेपाशी नव्हते. नव्या अभ्यासशाखेची गरज त्या प्रश्नातून पुढे आली.

मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने १९७४ मध्येच स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू झाले होते. स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद १९८१ मध्ये याच विद्यापीठात भरली आणि तिच्यातून पुढच्या वर्षी भारतीय स्त्री-अभ्यास संघटना उभी राहिली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्त्रियांच्या समतेसाठी शिक्षण ही भूमिका घेतल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाने ठिकठिकाणच्या केंद्रांना पाठबळ दिले. पुणे विद्यापीठातील केंद्र १९८७ चे. आज ते क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखले जाते. विद्युत भागवत आणि शर्मिला रेगे यांनी तिथे मराठीतून शिकणाऱ्या, पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून अध्यापन केले. हे केंद्राचे सर्वांत मोठे काम मानावे लागेल.

विद्यापीठांत हे चालू असताना आणि त्याच्या आधीही रस्ता शांत नव्हता. १९७२-७३ च्या दुष्काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गृहिणी लाटणी घेऊन महागाईविरुद्ध उतरल्या. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात शहादा भागातल्या आदिवासी बायकांनी दारूची मडकी फोडली. १९७२ मध्येच तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस चौकीत मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी धरले, पण सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना सोडून दिले. मुलीने प्रतिकार केल्याच्या खुणा अंगावर नाहीत, हे त्यातले एक कारण होते. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर निदर्शने झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला : पोलीस किंवा तत्सम अधिकाऱ्याच्या ताब्यातल्या स्त्रीशी शरीरसंबंध झाल्याचे सिद्ध झाले आणि तिने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असे गृहीत धरावे. सामाजिक बदल एका घटनेपासून कायद्यापर्यंत कसा पोचतो हे शिकवायला याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. त्या मुलीला स्वतःला मात्र न्याय मिळाला नाही, हेही त्याच तासाला सांगायला हवे.

एकोणिसाव्या शतकाची शिदोरी

परदेशी सिद्धान्तांआधी मराठी विद्यार्थ्याच्या हाती द्यावे असे बरेच काही घरातच आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मातंग मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. मांग-महारांच्या दुःखांबद्दल लिहिताना ती बाळंतपणाकडे वळते : आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते. जात आणि बाईपण एकाच देहावर एकाच वेळी कसे आदळते, हे तिने शाळकरी वयात लिहून ठेवले.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ चे. त्यामागे सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेचा खटला होता. स्वतःच्या नवजात मुलाच्या हत्येच्या आरोपावरून तिला आधी फाशीची आणि मग काळ्या पाण्याची शिक्षा झाली. वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले तेव्हा ताराबाईंनी सरळ विचारले, की जे दुर्गुण तुम्ही बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का? पुस्तकावर टीका झाली आणि जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे हे पुस्तक विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा उजेडात आणले. जवळजवळ शंभर वर्षे हे लेखन कुणी का वाचले नाही, हा प्रश्न अभ्यासक्रमात खुद्द पुस्तकाइतकाच महत्त्वाचा आहे.

रखमाबाईंचा खटला याच दशकातला. अकराव्या वर्षी लागलेले लग्न त्यांनी मोठेपणी नाकारले. नवऱ्याने १८८४ मध्ये नांदायला येण्यासाठी दावा लावला. एका न्यायाधीशाने तो फेटाळला, तर दुसऱ्याने १८८७ मध्ये नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करू असे कळवले. १८८८ मध्ये तडजोड झाली आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. बाईची संमती हा लग्नातला मुद्दा असू शकतो, ही कल्पना या खटल्याने भर चौकात आणली. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याभोवतीचा गदारोळ समजून घ्यायचा तर सुरुवात इथून करावी.

जात ही लिंगभावाची चौकट

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जातींवर निबंध वाचला. प्रास्ताविक वर्गात त्याची मांडणी फळ्यावर आकृती काढून समजावता येते. जात टिकते ती जातीतच लग्ने लावून. त्यासाठी जातीत लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष जवळपास सारखे असावे लागतात. नवरा मेला की बाई ‘जास्तीची’ उरते आणि तिने जातीबाहेर लग्न केले तर कुंपण मोडते. मग तिला सती घालायचे, नाहीतर जन्मभर विधवा ठेवायचे. बायको मेलेल्या पुरुषाला मात्र विरक्त करणे परवडत नाही. त्याच्यासाठी लग्नाचे वय न झालेली मुलगी आणायची, म्हणजे बालविवाह. सुधारकांनी वेगवेगळ्या कुप्रथा म्हणून हाताळलेल्या तीन गोष्टी इथे एका यंत्रणेचे भाग म्हणून समोर येतात. बाईच्या शरीरावर ताबा असल्याशिवाय जात चालत नाही, हे त्यावेळी इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कुणी मांडले नव्हते.

तरीही स्त्री-अभ्यासाच्या सुरुवातीच्या पाठ्यक्रमांत आंबेडकरांना फारशी जागा नव्हती. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या मुलाखती घेऊन १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ प्रसिद्ध केले, तेव्हा एक अख्खा इतिहास नव्याने पुढे आला. गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये दलित स्त्रिया वेगळे बोलतात अशी मांडणी केली. शर्मिला रेगे यांनी ती पुढे नेत सवर्ण स्त्रीवाद्यांनाही आपली भूमिका तपासायला लावली : दलित स्त्रियांच्या अनुभवापासून सुरुवात केली तर सगळ्यांच्याच लिंगभावाचे चित्र अधिक स्वच्छ दिसते. मनुस्मृतिदहनाचा २५ डिसेंबर हा दिवस अनेक गट भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात, तो याच धारेतून. काही पुस्तकांत अजूनही जात शेवटच्या प्रकरणात ‘इतर घटक’ म्हणून येते. ती पद्धत चुकीची आहे.

श्रम

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीनुसार देशातल्या सहा वर्षांवरील ८१.२ टक्के स्त्रिया आणि २६.१ टक्के पुरुष दिवसात काहीतरी बिनपगारी घरकाम करतात. जे करतात त्यांच्यातही स्त्रीचे सरासरी २९९ मिनिटे जातात, पुरुषाचे ९७. हा तक्ता वर्गात ठेवला की मुले स्वतःच्या घराचा हिशेब आपणहून मांडू लागतात.

पण श्रमविभागणीचे खरे शिक्षण उसाच्या फडात आहे. दिवाळीच्या सुमारास बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून मजूर साखरपट्ट्यात जातात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, देतो ती ‘कोयत्या’ला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस हा अर्धा कोयता. उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते आणि हिशेब त्याच्याशीच होतो. तो ऊस तोडतो. ती पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. त्याच्या आधी पहाटे कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, पाणी, चूल आणि पोरे तिचीच. एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात, आणि पाळी किंवा बाळंतपण हेही खाड्याचेच कारण ठरते. २०१९ मध्ये या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. याच बीडमध्ये २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. राज्याचा आकडा ८९४ होता. जोडीशिवाय काम नाही म्हणून मुलीचे लग्न लवकर, आणि हुंड्याच्या धाकाने मुलगीच नको. अर्थव्यवस्था, आरोग्य आणि कुटुंब या प्रकरणांच्या भिंती या एका उदाहरणाने पडतात.

कायदा आणि सातबारा

गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा १९९४ चा. १९९४ मध्येच राज्याने महिला धोरण जाहीर केले आणि हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत अविवाहित मुलींना मुलांच्या बरोबरीने हिस्सा दिला. देशभर सर्व मुलींना तो २००५ मध्ये मिळाला. स्थानिक स्वराज्य संस्थांतले स्त्रियांचे राखीव प्रमाण राज्यात एकतृतीयांशावरून २०११ मध्ये निम्म्यावर गेले.

कायदा आणि व्यवहार यांतले अंतर पाहायचे तर हक्कसोड पत्र पाहावे. बाप गेल्यावर वारसनोंद होते, सातबाऱ्यावर बहिणींची नावे चढतात, आणि थोड्याच दिवसांत भाऊ त्यांना नोंदणी कार्यालयात घेऊन जातो. बहीण सही करते. साडीचोळी होते. कुणी धमकावलेले नसते. माहेर तुटू नये एवढीच तिची काळजी असते. जोरजबरदस्ती न करता सत्ता कशी चालते, हे या कागदावरून विद्यार्थ्यांना कळते. याच्या उलट दिशेचा प्रयत्न शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने केला. ‘लक्ष्मीमुक्ती’ कार्यक्रमात शेतकऱ्यांनी जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे केला. शेतकरी महिला आघाडीच्या प्रेरणेने १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावात आरक्षणाआधीच सगळ्या बायकांची ग्रामपंचायत निवडून आली होती. बायको सरपंच आणि कारभार नवऱ्याचा, अशा ‘सरपंचपती’चा दाखला देऊन आरक्षण फुकट गेले म्हणणाऱ्यांना हा इतिहास सांगावा लागतो.

पुरुष आणि तृतीयपंथी

पूर्वी हा विषय म्हणजे मुलींचा तास असे समजले जाई. ‘मावा’ ही पुरुषांची संघटना १९९३ पासून मुंबईतून तरुण मुलांशी पुरुषपणाबद्दल बोलते आहे. रडायचे नाही, कमवायचेच आणि बहिणीवर नजर ठेवायची, या अपेक्षांचे ओझे मुले बोलून दाखवू लागली की वर्गाचा नूर बदलतो. तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केला. त्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठीही सहभागी होत्या. समलिंगी संबंध २०१८ मध्ये गुन्ह्यातून वगळले गेले. मराठी मुलखात रेणुका-यल्लम्माच्या परंपरेतले, देवीला वाहिलेले आणि स्त्रीवेशात वावरणारे जोगते जुने आहेत. देवीच्या दारात त्यांना मान आणि बाहेर हेटाळणी, हा विरोधाभास अभ्यासाला पुरेसा आहे. पाठ्यक्रमांत या भागाला मिळणारी जागा अजून अपुरी आहे.

अध्यापन

व्याख्यानांबरोबर छोटे क्षेत्रकार्य हा या विषयाचा कणा आहे. आजीची मुलाखत हा सर्वांत यशस्वी प्रकार. तिचे लग्न कितव्या वर्षी झाले, लग्नात नाव बदलले का, पहिला पैसा हातात कधी आला, जमीन कुणाच्या नावावर होती, एवढे चार प्रश्न पुरतात. आईला आणि मग स्वतःला तेच प्रश्न विचारले की तीन पिढ्यांतला बदल वहीत उतरतो. काय बदलले नाही तेही उतरते. घरातल्या हिंसेबद्दलचे बोलणे अशा मुलाखतींत अचानक निघते. म्हणून नाव गुप्त ठेवणे, नको असलेला प्रश्न सोडून देणे आणि समुपदेशन कुठे मिळेल याची माहिती जवळ बाळगणे हे आधी शिकवावे लागते.

अडचणी ठरलेल्या आहेत. बरेचसे मूलभूत लेखन इंग्रजीत आहे आणि मराठी भाषांतरे अपुरी पडतात. परीक्षेच्या धाकाने विद्यार्थी गाइडवर विसंबतात. अनेक केंद्रांत पदे कंत्राटी आहेत आणि अनुदानाची शाश्वती नसते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर हा विषय इतर शाखांच्या विद्यार्थ्यांनाही श्रेयांकांसाठी निवडता येऊ लागला आहे, त्यामुळे वाणिज्य आणि विज्ञानाची मुलेही या वर्गात बसू लागली आहेत.